व्हरांड्यातली बाई

लोणावळ्यात सरांच्या हाताखाली मी सहा वर्षं होते. अजून न बांधलेल्या बंगल्यांची चित्रं काढणं हा त्यांचा व्यवसाय. नकाशा समोर ठेवून ते जलरंगात असं घर उभं करायचे, की गिऱ्हाईक त्यात आपली खोली शोधू लागायचं. पण चित्रात माणूस कधीच नसायचा. घराच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून बाकीचे चित्रकार दोन-चार माणसं काढतात. सर झाड काढायचे. कारण विचारलं की ब्रश धुवायला उठायचे.

कुरवंडे गावातल्या बंगल्याच्या वेळी ते तापाने आडवे होते. बिल्डरला चित्रात माणूस हवाच होता. मी व्हरांड्यात बोटभर उंचीची एक बाई काढली. नऊवारी, कमरेवर हात, मान जरा कललेली. डाव्या पावलाशी ब्रश घसरला, पाऊल आत वळलं. तसंच राहू दिलं.

चित्र घेऊन जागेवर गेले. भर दुपारीही धुक्यात डोंगर दिसत नव्हता. ज्यांनी ती जमीन विकली होती त्यांच्या घरातल्या मावशी तिथे गवत कापत होत्या. त्यांनी विळा खाली ठेवून चित्र हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"ही आमची जाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी कुटं बघितली हिला?"

मी म्हटलं, मनानेच काढलीय. त्यांनी वळलेल्या पावलावर बोट ठेवलं. जाऊ जन्मापासून तशीच चालायची म्हणे. जिथे व्हरांडा येणार होता तिथे पूर्वी भाताचं खाचर होतं, आणि लावणी करताना तिथेच साप चावून ती गेली होती. मी लोणावळ्यात येण्याच्या कितीतरी आधी.

सरांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

"माझ्या हातून तीनदा झालं," ते म्हणाले. "तिसऱ्या वेळी चित्र काढलं तेव्हा ते माणूस जिवंत होतं."

पुढचं मी विचारलं नाही.

आठवड्याने मावशी आमच्याकडे आल्या. जावेचा एकही फोटो घरात नव्हता, म्हणून चित्र मागत होत्या. मी देऊन टाकलं आणि बिल्डर कुरकुरला तरी त्याला माणसाऐवजी झाड असलेलं नवं काढून दिलं. नंतर एकदा त्यांच्याकडे चहाला गेले, तर बंगल्याच्या त्या चित्राला हार घातलेला, आणि काचेवर, तिच्या कपाळाशी, टाचणीच्या टोकाएवढं कुंकू. मी त्या भिंतीकडे पाठ करून चहा संपवला.

सर गेले, काम माझ्याकडे आलं. आता कॉम्प्युटरवर तयार माणसं मिळतात, चेहरे पुसट केलेली. तरी चित्र पाठवण्याआधी मी प्रत्येकाला मोठं करून नीट बघते.