देवकावहिनींचा फवारणी पंप

रामाकोना गावच्या देवकावहिनी माझ्या शेजारच्या बागेच्या मालकीण. त्यांचे यजमान दादाजी गेल्यावर संत्र्याची बाग त्यांनी एकटीनेच सांभाळली. गुडघा दुखायचा, त्यामुळे पायपंप त्यांना जमत नसे. फवारणी मजुरांच्या भरवशावर होई. त्यांच्या घरची शिडी, दोर, वखर कोणीही मागून न्यावे. त्यांनी कोणाला नाही म्हटल्याचे निदान मला तरी आठवत नाही.

१९८६ साली एका औषध कंपनीने सौंसरला मेळावा घेतला आणि चांगल्या बागेबद्दल त्यांना इंजिनाचा फवारणी पंप बक्षीस दिला. "हा आता तुमचा," असे कंपनीचे साहेब माईकवर म्हणाले. पंप घरी पोचवताना मात्र अटी सांगितल्या. औषध कंपनीचेच वापरायचे, इंजिनाचे सील तोडायचे नाही आणि पंप दुसऱ्याच्या बागेत न्यायचा नाही.

पोळ्याच्या सुमारास माझ्या झाडांवर कोळशी आली. पाने काळी पडू लागली. माझा पायपंप मोडलेला. मागावे की नाही या विचारात मी धुऱ्यावरच, दोन बागांमधल्या बांधावर, थांबलो होतो.

"भाऊजी, बुजगावण्यासारके काय उभे राहून राहिले? घेऊन जा ना पंप."

"पण वहिनी, साहेबानं मना केलं. वापस नेला त?"

"नेला त नेला. शेजाऱ्याले देता येत नाही, ते वस्तू माही कायची?"

माझी बाग वाचली. दिवाळीनंतर साहेब जाहिरातीसाठी वहिनींचा फोटो काढायला आले.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजीच्या बागेचाबी काढा. तिथंबी तुमचाच पंप चालला."

साहेबांनी कॅमेरा खाली घेतला. "तिथे कसा?"

"म्या देला."

"बाई, हे आता मला वर कळवावं लागेल."

काही दिवसांनी साहेब जीप घेऊन पंप न्यायला आले. वहिनींनी तो धुऊन पुसून ठेवला होता. दांडीला फडक्यात संत्री बांधली होती.

"हे कशासाठी?" साहेबांनी विचारले.

"मांगून आणलेली वस्तू आमी रिकामी नाही धाडत."

"मागून कुठे आणला? बक्षीस होता तो."

"मंग नेता कायले?"

साहेबांनी पंप जीपमध्ये चढवला. संत्रीही घेऊन गेले.

पुढे मी पायपंप दुरुस्त करून घेतला. दर फवारणीला आधी त्यांची बाग, मग माझी. मी पंप मारायचो, त्या नळी धरायच्या. मी दमून थांबलो की म्हणायच्या, "तुमच्या इंजिनाले सील नाही, भाऊजी. चालू द्या."