हत्तीच्या पोटातलं शिकलेलं भूत

हसणार असाल तर चहा आधी संपवा. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

बातमीदारीत आयुष्य गेलं माझं. ख्याती एकच, हा माणूस कोणाला घाबरत नाही. आमदाराला नाही, ठेकेदाराला नाही, फौजदाराला तर मुळीच नाही. पण एका भर दुपारी, साक्रीच्या पलीकडच्या एका गावात, मी चिंध्यांच्या हत्तीला घाबरलो. आणि नुसता घाबरलो असतो ना, तर तुम्हाला सांगितलंही नसतं. गप्प बसलो असतो. पुढे जे झालं ते जास्त वाईट आहे.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी धुळ्याच्या एका दैनिकात होतो. त्या गावात बालवाडी सुरू झाली होती. सुरू झाली म्हणजे काय? वरून एक खोली मिळाली आणि वरच्यांचं काम संपलं! सतरंजी नाही, खेळणं नाही, पोरांना अंगावर घ्यायला काही नाही. मी खवळलो. खवळणं हा माझा धंदाच होता. 'तुमच्या माळ्यावर काय कुजतंय?' असा मथळा देऊन मी अख्ख्या शहराला झोडपलं. जुनं सामान साठवून ठेवता, त्यातून पोरांसाठी काही करा की! निर्लज्ज कुठले!

आणि लोकांनी खरंच मनावर घेतलं. आमच्या कॉलनीतल्या बायकांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. एका गॅरेजवाल्याने टायरचे झोके केले. एका मारवाडी दुकानदाराने चहाच्या खोक्यांची रंगीत कपाटं करवून घेतली.

"आणि तुम्ही काय दिलंत?" बायकोने विचारलं.

"मी? मी लेख दिला!"

"लेखावर पोरं बसणारेत का?"

झालं! असा वार झाल्यावर मागे हटणारा मी नव्हे. रविवारी माळ्यावरची ट्रंक काढली. राखाडी पडदे निघाले, त्यांचा हत्ती बेतला. सोंड माझ्या पॅंटच्या पायाची, कान फाटक्या पिशवीचे. आत भरायला जुने शर्ट, बनियन आणि कसर लागलेला माझा जाड कोट. कोट गच्च गुंडाळून पोटात कोंबला. शिवण बायकोची, कोंबणं माझं.

"खिसे बघितले का कोटाचे?"

"पत्रकाराच्या खिशात असतं काय, बघायला?"

हत्ती इतका मोठा झाला, की दोन पोरं सहज पाठीवर बसावीत. गावात पोहोचवायला मी स्वतः गेलो. गेल्यावर भाषण ठोकलं. किती वेळ? अर्धी पोरं झोपली आणि उरलेली रडायला लागली, इतका वेळ. गावाने निमूट ऐकून घेतलं.

नंतर मी ते विसरलो. तीनेक महिन्यांनी, ऊन नुसतं भाजून काढत होतं तेव्हा, आमचा शिपाई पंडित सांगायला आला.

"साहेब, त्या बालवाडीच्या गावचा माणूस येऊन गेला. सेविकाबाईंचा भाऊ. म्हणे, हत्ती बोलतो."

"कोण बोलतो?"

"हत्ती. तुमचा. विहिरीत टाकलं, विहिरीत टाकलं, असं म्हणतो म्हणे. पोरं यायची बंद झालीत. या महिन्यात तपासणीला मोठ्या बाई येणारेत. खोली रिकामी दिसली तर बालवाडी उचलून दुसऱ्या गावाला देणार."

"अजून काय म्हणाला?"

"तुमचं विचारत होता. मी सांगितलं, साहेब गेले."

"बरोबर सांगितलंस," मी म्हणालो. आणि अंधश्रद्धेवर अग्रलेख लिहायचा, या विचाराने हात चोळायला लागलो. पोरांची बालवाडी भुताच्या नावाने बुडते म्हणजे काय? मोगलाई आहे का?

दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. मी सकाळचीच एसटी पकडली.

गावात उतरलो तेव्हा सूर्य बरोबर टाळूवर. आखाजीला आपल्याकडे माहेरवाशिणी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. इथेही वेशीजवळच्या निंबाला झोके होते. चार-पाच पोरी गात होत्या. मी त्यांच्यासमोर आलो आणि गाणं मध्येच तुटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या पळाल्या. रिकामे झोके तसेच हलत राहिले.

मला वाटलं, लाजल्या असतील.

पुढे ओट्यावर एक माणूस विडी ओढत बसला होता. "रामराम!" मी म्हणालो. त्याने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या पावलांकडे. पावलांकडे बराच वेळ पाहिलं. मग तो उठला, माझ्याकडे पाठ न करता उलटा चालत घरात गेला आणि कडी लावली. त्याच्या पुढच्या घराची कडी वाजली. मग त्याच्या पुढच्या घराची. मी चालतोय तसतशी माझ्या आधी एकेक कडी वाजत चाललीय! गल्लीत वारा नुसता धूळ फिरवतोय. कुत्रंसुद्धा भुंकायला तयार नाही.

आता तुम्ही म्हणाल, तिथूनच परत फिरायचं होतं. पण मी पत्रकार! मला बातमीचा वास यायला लागला. अख्खं गाव इतकं घाबरतंय, म्हणजे काहीतरी दडवतंय. विहिरीत कोणाला टाकलं यांनी?

बालवाडीचं दार नुसतं लोटलेलं होतं. उन्हातून आत गेल्यावर आधी काही दिसेना. मग हळूहळू हत्ती दिसला. कोपऱ्यात होता. कपाळावर हळदकुंकू, एक डोळा लोंबलेला, आणि सोंड, म्हणजे माझ्या पॅंटचा पाय, दाराकडे वळलेली. समोर नवी कोरी घागर. घागरीवर खरबूज, दोन सांजोऱ्या, आंबा. बाजूला उदबत्तीची ताजी राख.

माझं डोकं फिरलं. आखाजीला घरातल्या वारलेल्या माणसाची घागर पुजतात, ती घरात! इथे पोरांच्या खोलीत भुताची घागर? थांबा, म्हटलं, हा फुगा आत्ता फोडतो. खरबूज बाजूला ठेवलं, घागर उचलली आणि घटाघटा पाणी प्यालो. वर एक सांजोरीही खाल्ली. चांगली झाली होती.

खिडकीबाहेर कोणीतरी श्वास ओढल्यासारखा आवाज झाला. "वं माय! त्यानी पानी पी लिधं!" मी वळून पाहिलं तर कोणी नाही.

पाय दुखत होते. खुर्ची नव्हती. मी हत्तीवर बसलो.

आणि माझ्या बुडाखालून आवाज आला.

"विहि…रीत… टाक…लं…"

खोल, घोगरा, ओढत ओढत येणारा पुरुषाचा आवाज. जणू कोणी मातीखालून बोलतंय. मी ताडकन उठलो. आवाज थांबला.

भास असेल. उन्हाने होतं असं. मी पुन्हा, अगदी अलगद, बसलो.

"…को…णी… टाक…लं… नाव… सांगा…"

अहो, वाक्य पुढे गेलं होतं! जिथे तुटलं तिथूनच पुढे! तो माझी वाट बघत थांबला होता! त्या मे महिन्यात मला थंडी वाजली. तरी धंद्याची सवय सुटत नाही. मी विचारलंच, "कोण… कोण आहेस तू?"

"मी… सोड…णार… नाही…"

त्यानंतर मी दारातून बाहेर कसा आलो ते मला आठवत नाही. चप्पल आतच राहिली.

बाहेर अख्खं गाव उभं होतं. अर्धवर्तुळ करून, लांब. पुढे गावातले म्हातारे आबा, त्यांच्या बाजूला काठी टेकत अक्का, मागे सेविका सुमनबाई तोंडाला पदर लावून.

आबांनी हात जोडले. "भाऊ, पानी पी लिधं ना? जीव थंडा झाया ना? आते जा."

"कुठे जा?"

"जठे जानं व्हई तठे."

"मी कुठेही जाणार नाही!" मी ओरडलो. पाय भाजत होते, म्हणून नाचत ओरडलो. "या खोलीत कोणाचा तरी खून बोलतोय! मी छडा लावल्याशिवाय हलणार नाही!"

गाव दोन पावलं मागे सरकलं. आबा कळवळून म्हणाले, "तुमनाच बोली ऱ्हायना, भाऊ."

"माझा? माझा काय?"

"खून."

मला काही समजेना. मग अक्का बोलली. "देख भाऊ, आमना गावनं भूत ऱ्हातं तं आमनी बोली बोलतं. हाई शिकेल भूत शे. पेपरसारखं बोलस. आनि आवाज तुनाच शे. बठ्ठा गावनी तुनं भाषन ऐकेल शे."

"हट्! माझा आवाज असा आहे?" मी पेटलोच. "आतला तो कोणीतरी उर्मट, भसाडा माणूस आहे! समोरच्याला एक शब्द बोलू देत नाही!"

गावाने एकमेकांकडे पाहिलं.

"हां," अक्का म्हणाली. "तोच."

"अहो, पण मी जिवंत आहे!"

सुमनबाई रडायला लागली. "भाऊ, तुमच्या ऑफिसात चौकशी केली हो आम्ही. माझ्या भावाने विचारलं, तर शिपाई म्हणाले, साहेब गेले. भाऊ म्हणाला, अरे देवा, कधी? ते म्हणाले, आज सकाळीच. कसे गेले? तर म्हणाले, नेहमीसारखेच, कोणावर तरी ओरडत गेले."

पंड्या! तुझ्या तोंडाला काही वळण आहे का रे?

"मग आम्ही म्हटलं," सुमनबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "बातम्यांपायी कोणीतरी मारून विहिरीत टाकलं असेल. तुमचे कपडे त्या हत्तीत, म्हणून जीव तिथे अडकला. आखाजीला घागर भरली की सुटाल, आणि पोरं परत येतील. तपासणी तोंडावर आलीय हो."

म्हणजे मघाशी मी प्यालो ते पाणी माझ्याच नावाचं होतं! आणि तुम्हाला खरं सांगू? त्या क्षणी मला स्वतःबद्दल शंका आली. गावभर कड्या लागल्या, कुत्रं भुंकलं नाही, आणि माझं पाणी मी प्यालो. मेलो असेन तर मला कोण सांगणार?

"सावली बघा!" मी शेवटचा उपाय काढला. "भुताला सावली नसते ना? ही बघा माझी…"

सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. मीही पाहिलं. टळटळीत बाराचं ऊन. सावली पायाखाली दडलेली. माझ्या भोवती काही म्हणजे काही नाही!

"सावली नही!" एक बाई किंचाळली. अर्धं गाव पळालं.

आता काय करावं? तास-दीड तास तिथे उभं राहून सावली लांबायची वाट बघावी? मी सुमनबाईकडे कात्री मागितली. तिने ती लांबून फेकली. मी देवाचं नाव घेतलं, कधी नव्हे ते, आत गेलो आणि हत्तीचं पोट फाडलं. बनियन निघाले, शर्ट निघाले, मग तो कोट. कोट जड लागला. आतल्या खिशात हात घातला आणि थंड, चौकोनी काहीतरी हाताला लागलं.

ऑफिसचा छोटा टेपरेकॉर्डर!

मंडळी, हा टेपरेकॉर्डर थंडीत पाचोरा स्टेशनवर माझ्या खिशातून चोरीला गेला होता. म्हणजे मी तसं छापलं होतं! पाचोऱ्याच्या पाकीटमारांवर सलग तीन दिवस लिहिलं होतं. रेल्वे पोलिसांना 'झोपाळू' म्हटलं होतं. आणि हा इथे, माझ्याच कोटात. बटण ढिलं झालेलं; कोणी हत्तीवर बसलं की दाबलं जायचं, उठलं की सुटायचं. सेल मरत आलेले, म्हणून आवाज खोल गेलेला.

मी तो ओट्यावर ठेवला, टेप मागे घेतली आणि बटण दाबून धरलं. उरलेलं गाव हळूहळू जवळ आलं. पाचोऱ्याकडच्या एका गावात पिण्याच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकत नव्हते, त्याबद्दल मी तिथल्या साहेबाची घेतलेली मुलाखत होती ती. "विहिरीत टाकलं म्हणता? कोणी टाकलं? कधी टाकलं? नाव सांगा! मी सोडणार नाही!" मध्ये मध्ये तो साहेब "अहो, पण…" एवढंच म्हणत होता. शेवटपर्यंत बिचाऱ्याला "पण"च्या पुढे जाता आलं नव्हतं. पुढे सेलनी मान टाकली.

आबांनी घसा खाकरला. "भाऊ, त्याले बोलू देतात तं बरं व्हतं."

अक्काने मात्र पुढे येऊन माझ्या दंडाला असा करकचून चिमटा घेतला, की मी बोंबललो. "जित्ता शे," तिने जाहीर केलं, आणि मग जे हसू फुटलं ना! पोरी परत आल्या, पोरं खोलीत शिरली, फाटक्या हत्तीवर उड्या मारायला लागली. सुमनबाईने संध्याकाळपर्यंत पोट शिवून टाकलं. तपासणीच्या दिवशी खोलीत बसायला जागा नव्हती म्हणे. बालवाडी गावातच राहिली.

मला वाटलं, शेवट गोड झाला. भूत गेलं.

चार-सहा महिन्यांनी साक्रीहून धुळ्याला एसटीने येत होतो. पेपर उघडून वाचत होतो. पुढच्या बाकावर एक बाई, मांडीवर पोर. पोर असं भोकाड पसरून रडतंय, की ड्रायव्हर वळून बघतोय. बाईने खाऊ दिला, खिडकी दाखवली, दोन धपाटे दिले. काही नाही. शेवटी ती त्याच्या कानाशी वाकली.

"गप ऱ्हाय! नही तं पेपरवाला ई, तुले लई जाई!"

पोर जागच्या जागी गप्प. डोळे विस्फारलेले, श्वास अडकलेला.

मी पेपरची घडी केली आणि तिच्यावर बसलो. कंडक्टरने "कुठे?" विचारलं तेव्हा बोटाने धुळ्याची दिशा दाखवली. धुळे येईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

काय सांगावं, आवाज ओळखला असता तर?