खाणावळीखालचं पाणी

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. डोंबिवलीतल्या माझ्या खोलीच्या भिंतीला ओल येते आणि सुकताना तिच्यावर मिठासारखा पांढरा फुलोरा धरतो. आज सकाळी त्यावरून बोट फिरवलं, जुन्या सवयीनं जिभेला लावलं, आणि बाळकुमच्या खाडीकाठची ती खाणावळ अंगावर चालून आल्यासारखी समोर उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. मी मिठागरावर कारकून होतो. मिठाच्या होड्या लागत त्या धक्क्याजवळ एक विधवा बाई खलाशांच्या जेवणाची, मुक्कामाची सोय करायची. तेवढ्यावरच तिचं पोट. तिच्या घराखालून एक जुनं दगडी गटार थेट आमच्या उघाडीपर्यंत, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या लाकडी दारापर्यंत गेलं होतं. त्या दाराची खालची फळी कुजली होती. बदलली म्हणून मी लेखी कळवलं होतं, बदलली नव्हती. आज करू, उद्या करू.

मग अमावास्येच्या भर दुपारी, उधाणाला, त्या घरात जमिनीखालून कुणीतरी कण्हू लागलं. मांडणीवरची भांडी थरथरत. सारवलेली जमीन पाझरे, आणि वाळली की तिच्यावर पांढरे डाग उमटत, थेट पावलांसारखे. पौर्णिमेला पुन्हा तेच. ते कण्हणं मीही ऐकलं आहे. कुजक्या फळीतून गटारात घुसणारं भरतीचं पाणीच ते, हे ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा आला होता.

"बायचे घरान हडल हाय," खलाशी म्हणू लागले. "नवऱ्याला खाल्लान, आता आपली पाली!" तिच्या हातचं पाणी बंद झालं. एका अमावास्येला दहाबारा जण जमले आणि त्यांनी तिची चूल फोडली. ती रडली नाही. गर्दीत मला हुडकून म्हणाली, "भाऊ, तुम्हाला भरतीचं कळतं. तुम्हीच सांगा यांना, हे काय आहे?"

सगळे माझ्याकडे वळले. मला माझी नोकरी दिसली. म्हणालो, "असेल बाई काहीतरी. मला काय ठाऊक?"

"कारकून पन घाबरला रं!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. ती तेवढी हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं.

एक ट्रंक घेऊन ती खडवलीला भावाकडे निघून गेली. त्याच आठवड्यात मी फळी बदलली. पुढच्या उधाणाला घर गप्प. लोक म्हणाले, "बगा, हडल तिचेच संगती गेली!" माझ्या नव्या फळीनं तिच्यावरचा आळ कायमचा पक्का केला.

धक्का आता ओस पडला आहे, मीही मिठागर सोडून वर्षं झाली. भिंत दोनदा खरवडून घेतली; फुलोरा पुन्हा येतोच. खडवलीचं तिकीटही दोनदा काढलं आणि दोन्हीदा स्टेशनावरूनच परतलो. त्या धक्क्यावर, त्या माणसांदेखत, मी तिला एवढं सांगणं लागतो: बाई, तुमच्या घरात भूत नव्हतं, माझी फळी कुजली होती.