काठीच्या मानेशी

गोल्फच्या काठ्या दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात वहिनींच्या वाट्याला एकच काम होतं. मुठीचं जुनं रबर काढायचं, नवं चढवायचं. ड्रिल मशीनला हात लावायचा मान फक्त मामंजींचा, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचा.

अशात गोल्फ क्लबच्या कोचची काठी तिसऱ्यांदा मोडून आली. दांडा ग्राफाइटचा, आणि मोडला तो पुन्हा तिथंच, लोखंडी डोक्यात शिरतो त्या जागी. कोचनं निक्षून सांगितलं, आता मोडली तर क्लबचं सगळं काम दुसरीकडे. मामंजी भडकले. हा बाबा काठी जमिनीवर आपटतो आणि दोष आपल्याला, नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांनी दिवसभर घोकलं. पण चाळीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती.

वहिनींना राहवेना. त्यांनी मोडके तिन्ही दांडे शेजारी शेजारी मांडले. तिन्हींवर एकाच जागी चरा, सुरीनं ओढावा तसा. मग काठीच्या लोखंडी डोक्याच्या भोकात करंगळी घालून फिरवली आणि आई गं, टचकन रक्तच आलं! पत्र्याचा डबा कापल्यावर जशी कड राहते, तशी तिथं धार होती. दर फटक्याला दांडा त्या धारेवर वाकणार, मग मोडेल नाही तर काय?

मामंजी मात्र आपलाच हेका सोडेनात. गोंद वाढवू, दांडा आणखी घासू. घासून घासून दांडाच पातळ होतोय, हेही वहिनींनी सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी करंगळीच पुढे केली.

"मामंजी, बोटाची ही गत, तर दांड्याची काय कथा?"

मामंजींनी मशीनसमोरचं स्टूल पायानं वहिनींकडे सरकवलं.

वहिनींनी निमुळतं पातं लावून भोकाची कड उतरती केली. पुन्हा बोट फिरवलं, लागत नव्हतं. दांड्याचा नुसता रंग खरवडला, गोंद लावला आणि दोन दिवस काठीला कुणाला शिवू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सासरा-सून मैदानावर हजर. कोच इरेला पेटलेला, जीव खाऊन फटके हाणत होता. पन्नास झाले, शंभर झाले. दीडशेव्या चेंडूला टोपली रिकामी झाली. कोच घामाघूम, काठी ठणठणीत!

कोच हसला, काम तुमच्याकडेच राहील म्हणाला आणि हात मिळवायला मामंजींकडे वळला. मामंजींनी हात मागे घेतला आणि सुनेला पुढे केलं.

"अंगणच वाकडं होतं," ते म्हणाले. "सरळ केलं ते हिनं."