मागच्या जहाजाचा साहेब

सौसरच्या शाळेत मी चोवीस वर्षं इतिहास शिकवला. विचारलं त्यापेक्षा जास्त सांगायची खोड मला तिथंच लागली.

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ वादळात जहाजावरून समुद्रात पडला. तो नौदलात खलाशी होता. चार दिवस शोध झाला, देह मिळाला नाही. मग घरी पत्र आलं. खाली सही होती एका रिअर ॲडमिरलची.

"हा कोन होय?" आईनं विचारलं.

ताफ्याचा मोठा साहेब, एवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण मास्तर पडलो ना! शिडाच्या जहाजांच्या काळात ताफ्याचे तीन भाग असत, मुख्य सेनापती मधे, त्याच्या खालचा पुढे आणि तिसरा सगळ्यांच्या मागे. इंग्रजीत रिअर म्हणजे मागचा, तो हा. एवढं पुस्तकात होतं. पुढचं माझ्या पदरचं. म्हटलं, जो मागे राहील त्याला गोळा करून आणायचं काम याचं.

आईच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. आमच्या घराची जुनी रीत आहे. मोहगावहून जामसांवलीच्या हनुमानाला सगळे पायी निघालो की कर्ता माणूस शेवटी चालतो. तो मागून "सगळे हायेत!" म्हणून ओरडल्याशिवाय पुढचे थांबल्या जागेवरून हलत नाहीत. बाबा जन्मभर मागे चालले. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

"म तो साहेब आनीनच त्याले," आई म्हणाली.

देह नसला की आमच्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, मग तेरवी. भावकीनं तगादा लावला. आईनं पानाला हात लावू दिला नाही. रोज भावाचं ताट वाढायची आणि संध्याकाळी गाईला घालायची. ती खुळी झाली असं लोक म्हणत. खुळं मी केलं होतं आणि ते निस्तरायची हिंमत माझ्यात नव्हती. अकरा महिने मी तोंड शिवून बसलो.

मग तो साहेब खरंच आला. निवृत्त झाला होता, नागपूरहून भाड्याची गाडी करून एकटाच. अंगात साधा पांढरा सदरा. त्यानं आईच्या पायाला हात लावला. आई त्याच्यामागे दाराकडे पाहत होती.

"पोरगं कोठी हाय?"

त्याला मराठी कळत होतं. तो हिंदीत बोलला, पण आडपडदा ठेवला नाही. शोध थांबवून ताफा पुढे न्यायचा हुकूम त्याचाच होता. ते पत्रातून सांगणं बरं वाटेना, म्हणून आला होता.

"तुमी त सगळ्याइच्या मांगं होते ना?"

साहेब गोंधळला. म्हणाला, नाही माताजी, तो जुना काळ. आता मी पुढच्या जहाजावरून ताफा चालवायचो.

"म मांगं कोन होतं?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी पळसाची पानं तिनंच तोडून आणली. पुतळा मी बांधला, अग्नीही मीच दिला. ती रडली नाही. माझ्याशी मात्र महिनाभर बोलली नाही.

यंदा जामसांवलीला निघालो तेव्हा मी सवयीनं मागे थांबलो.

"तू पुढं चाल," आई म्हणाली.

तिचे गुडघे गेलेत. काठी टेकत ती सगळ्यांच्या शेवटी चालली. फाट्यावर आम्ही थांबलो आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळानं ती आली, एकेकावर बोट ठेवत तिनं आम्हाला मोजलं, मग पुन्हा मोजलं. "सगळे हायेत" ती म्हणालीच नाही. नुसता हात हलवला, चला म्हणून.