महाराज आमच्या दारावरून पुढे गेले

महाराज आमच्या दारावरून पुढे गेले आणि शेजारी माझ्या जावेच्या दारात थांबले. माझ्या तोंडात ‘नमोस्तु’ होतं. मनात जे होतं ते नमोस्तुच्या जवळपासचंही नव्हतं.

गेल्या चातुर्मासात आमच्या भागातल्या जिनमंदिरात एक वयोवृद्ध मुनिमहाराज मुक्कामाला होते. आम्ही शिवाजी पेठेत राहतो. आमचं आणि धाकट्या दिराचं घर एकाच भिंतीला लागून आहे. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्याने, ओंजळीत. ताट नाही, वाटी नाही. सकाळी मंदिरातून निघताना ते मनात एक विधी ठरवतात, म्हणजे एक खूण. अमुक दृश्य ज्या दारात दिसेल तिथेच आहार घ्यायचा, नाही दिसलं तर उपाशी परत फिरायचं. खूण काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून गल्लीतली जैन घरं सोवळ्यात स्वयंपाक करून, म्हणजे चौका लावून, कलश-नारळ हातात घेऊन दारात उभी राहतात आणि महाराज दिसले की ‘नमोस्तु, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ’ म्हणून थांबायची विनंती करतात. महाराजांनी उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर ठेवलेली असतात. ते येतात, पाहतात, थांबतात किंवा पुढे जातात.

आमच्या दारावरून ते पुढेच जायचे.

मी मंगल कार्यालय चालवते. हजार पानांची पंगत उठते आणि एकाही पानावर मीठ वाढायचं राहत नाही, अशी माझी ख्याती आहे, आणि ती ख्याती मला आवडते. चौकाही मी तसाच लावला. पहाटे विहिरीचं पाणी आणायचं, ते गाळून उकळायचं, घरच्या जात्यावर पीठ दळायचं, दारात रांगोळी घालायची, ह्यांना धुतलेलं धोतर-उपरणं. कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि शेजारी सुवर्णा, माझी धाकटी जाऊ. हिचं सगळं आयत्या वेळी. रांगोळी अर्धी झालेली असते तोवर महाराज गल्लीच्या तोंडाशी आलेले असतात. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. दीर साखर कारखान्यात नोकरीला, सकाळच्या पाळीसाठी अंधारातच बिद्रीच्या रस्त्याला लागतात, त्यामुळे ही बहुतेक वेळा एकटीच उभी. आणि महाराज थांबायचे ते हिच्या दारात. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

समोरच्या सुशीलाकाकूंना तर विषयच मिळाला. “काय ओ आक्का, धाकटीचं नशीब लई मोठं हाय की! तुमचं काय चुकतंय म्हणायचं?” असं त्या भर गल्लीत, भाजीवाल्यासमोर विचारायच्या. मी म्हणायचे, “पुण्य असतंय काकू ज्याचं त्याचं.” घरात येऊन भांडी आदळायचे.

मग मी खुणेचा अंदाज बांधायला लागले. नारळाच्या जागी सफरचंद धरलं. एक कलश सोडून दोन घेतले. ऊस धरून पाहिला, तेव्हा तालमीची पोरं मोटारसायकल थांबवून बघत राहिली आणि हे म्हणाले, “उद्या काय, नांगर धरून उभं राहायचं का?” मी हसले नाही. सुवर्णाने काल काय धरलं होतं ते मी खिडकीतून पाहून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच धरायचे. महाराज माझ्याकडे शांतपणे बघायचे आणि पुढे जायचे. त्या बघण्यात राग नसायचा, उपेक्षाही नसायची. तेच मला जास्त लागायचं.

सुवर्णा तर निरोप घेऊन यायची, “आक्का, महाराजांचा आहार झालाय, प्रसादाची खीर आणलिया.” मी वाटी घ्यायचे आणि म्हणायचे, “गोड कमी पडलंय गं.” ती म्हणायची, “व्हय? मला कळतच न्हाय बघा. उद्या तुम्हीच सांगा किती घालायचा गूळ.” तिच्या आवाजात टोमणा शोधायचा मी फार प्रयत्न केला. सापडला असता तर बरं झालं असतं.

दहा दिवसांचं दशलक्षण पर्व आलं. दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा, म्हणजे मान सोडून मऊ होण्याचा. त्या दिवशी महाराजांचं प्रवचन ऐकायला मंडप भरला होता. ते म्हणाले, माणूस धन सोडतो, घर सोडतो, वस्त्रही सोडतो, पण ‘मी सोडलं’ हे सोडत नाही. मी पहिल्या रांगेत होते. खरं सांगायचं तर ते वाक्य ऐकून मी मान वळवून सुवर्णाकडे पाहिलं. मला वाटलं, हिने ऐकायला हवं हे. आपल्याला औषध लिहून द्यावं आणि आपण ते शेजारणीच्या घरी नेऊन द्यावं, तशी गत.

पर्व संपल्यावर काही दिवसांनी वेगळंच संकट आलं. महाराज आहाराला निघाले, सगळी गल्ली फिरले, खूण मिळाली नाही, परत गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. सुवर्णाच्या दारावरूनही पुढे गेले. वय झालेलं, पाय आधीच सुजलेले, आणि दोन दिवस पाण्याचा थेंब नाही, कारण पाणीही आहाराच्या वेळीच घेतात. संध्याकाळी मंदिरात बायका रडत होत्या. कुणी जप धरला, कुणी गोड सोडलं. हे म्हणाले, “उद्या काहीही करून खूण मिळायला हवी. जिवावर बेतेल.”

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा स्वयंपाक वेळेआधी तयार होता. भिंतीपलीकडून सुवर्णाचा आवाज आला. देवासमोर बसून ती मोठ्यानेच म्हणत होती, “आज कुणाच्या का दारात होईना, महाराजांच्या पोटात चार घास पडू देत.” ते ऐकताच माझ्या मनाने उत्तर दिलं. स्पष्ट शब्दांत दिलं. ‘पडू देत. पण हिच्या दारात पडणार असतील तर आजचा दिवसही राहू दे.’

मी हातातला झारा खाली ठेवला. हा विचार माझाच होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता. एक म्हातारा साधू दोन दिवसांचा उपाशी आहे, आणि त्याने आणखी एक दिवस उपाशी राहावं असं मला वाटलं होतं, का तर माझ्या जावेला मान मिळू नये म्हणून. ज्यांना आहार द्यायचा म्हणून मी पहाटे उठून दळत होते, त्यांच्याच जिवावर मी उठले होते. मत्सर चांगला नाही हे पुस्तकात वाचलेलं असतं. पण तो आपल्याच स्वयंपाकघरात, सोवळं नेसून, स्वच्छ हातांनी उभा असेल हे ठाऊक नसतं.

तशीच पाण्याच्या घागरीकडे गेले. झाकण काढलं. पाण्यावर एक केस तरंगत होता. लांब, निम्मा पांढरा. माझाच.

चौक्यात केस म्हणजे काय ते जैन घरात सांगावं लागत नाही. ओंजळीत केस आला की अंतराय होतो. महाराज ओंजळ सोडून देतात आणि त्या दिवशी पुढे काही घेत नाहीत. त्याच पाण्यात माझी डाळ शिजली होती, त्याच पाण्यात कणीक मळली होती. नव्याने काही करायला वेळ नव्हता. स्वयंपाकघरात मी एकटीच होते. केस चिमटीत धरून टाकून दिला असता तर कुणाला कळलं नसतं. पण त्या घडीला मला तसं करावंसं वाटलंसुद्धा नाही. उलट सुटल्यासारखं झालं. माझ्या दारात आज महाराज येऊच शकत नव्हते. आता झुरायला काही उरलंच नव्हतं.

बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, “आपला चौका आज बंद.”

“काय झालं?”

“पाण्यात माझा केस निघाला.”

ह्यांनी कलश खाली ठेवला. एवढ्यात मागच्या दाराने सुवर्णा आली. चेहरा पडलेला, उजव्या मनगटाला ओला पंचा गुंडाळलेला. हौदाजवळ पाय घसरला होता. “आक्का, कलश उचलंना ओ मला. नुसता धरला तरी कळ येतिया. स्वैपाक झालाय सगळा. तुमच्या दारातलं आटपलं की जरा येशीला काय?”

“माझ्या दारातलं आटपलंय,” मी म्हटलं. “चल.”

तिच्या दारात आम्ही उभ्या राहिलो. रांगोळी अर्धीच होती. ती पुसून नीट काढावी असं हाताला फार वाटलं, पण वेळ नव्हता. सुवर्णाने डाव्या हाताने कलशाचा गळा धरला, उजवा नुसता टेकवला. मी मागून, तिच्या खांद्याआडून हात घालून कलशाला बुडाशी आधार दिला. मी तिच्या मागे उभी होते, गल्लीतून मी धड दिसतही नव्हते. आणि त्या दिवशी पहिल्यांदा खुणेचा अंदाज बांधायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मी एवढंच म्हणत होते, कुठेही थांबा, पण थांबा.

महाराज आले. पावलं जड पडत होती. पोरांनी गाड्या बंद केल्या. आमच्या बंद दारावरून ते पुढे आले आणि सुवर्णाच्या दारासमोर उभे राहिले. त्यांनी कलशाकडे पाहिलं. मग खांद्यावरचा हात खाली घेतला. खूण मिळाली होती.

सुवर्णाला रडू फुटलं. मीच म्हणाले, “मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे.” मनशुद्धी म्हणताना जीभ अडखळली. तरी म्हटलं, कारण दुसरं कोण म्हणणार होतं? प्रदक्षिणा झाल्या, पाय धुतले. आत महाराजांनी ओंजळ पुढे केली तेव्हा सुवर्णा म्हणाली, “आक्का, तुम्हीच द्या. माझा हात उचलंना.” हजारोंना वाढलेली मी, पण पाण्याची पहिली धार त्या ओंजळीत सोडताना मी तांब्या दोन्ही हातांनी धरला. महाराजांनी ती एका बाजूला जाड भाकरी, तो कमी गुळाचा शिरा, जे येईल ते सारख्याच चेहऱ्याने घेतलं. काही मागितलं नाही, काही टाळलं नाही. त्यांना आमचा स्वयंपाक कळतच नव्हता, आमची धडपड तेवढी त्यांनी स्वीकारली होती, असं मला वाटलं. आहार निर्विघ्न पार पडला.

नंतर सुशीलाकाकूंनी धीर करून विचारलं, “महाराज, विधी काय होता ओ आज?” महाराज हसले आणि मोरपिसांची पिंछी उचलून मंदिराकडे निघाले. गल्लीत मग तर्कांना ऊत आला. एक कलश दोघींनी धरायचा असेल, जखमी हात असेल, दोन जावा असतील. मी त्यात पडले नाही. मला जे कळायला हवं होतं ते केसाने सांगितलं होतं, आणि तो केस त्या सकाळी पाण्यात कुठून आला, डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं असताना, हे मी शोधत बसले नाही.

चातुर्मास संपला, महाराज पायी विहार करत जयसिंगपूरकडे गेले. शेवटपर्यंत ते माझ्या घरात आले नाहीत. मला वाटतं ही त्यांची माझ्यावरची कृपाच होती. आले असते तर मी आजही लोकांना बोलावून सांगत बसले असते.

नम्रता मला आली, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारीला ती आलेली नसते. मी कामाची बाई, म्हणून एक काम तेवढं स्वतःला लावून घेतलं आहे. यंदा गल्लीत माताजींचा, म्हणजे साध्वींचा, संघ आला आहे. आम्हा जावांचा चौका आता एकच असतो, सुवर्णाच्या घरात. भाकरी तीच थापते, मी पाणी भरते. परवा माताजी आमच्या दारावरून पुढे जाऊन समोर सुशीलाकाकूंकडे थांबल्या. मनात जे यायचं ते आलंच. मी कलश ठेवला, रस्ता ओलांडला आणि काकूंच्या मागच्या दारात जाऊन विचारलं, “काकू, गाळलेलं पाणी पुरेल का, का आणून देऊ?”

काकू घाईत होत्या. वरही न बघता म्हणाल्या, “आण की मग, उभी काय राहिलीस?”

मी पाणी आणायला वळले.