चाचांचे कान

अबुधाबीजवळ मुसफ्फाला, आमच्या लोखंडी कामाच्या यार्डात वीसेक ग्राइंडर एकदम घरघरत असायचे आणि चाचा मधूनच ओरडायचे, "अरे, त्या तिसऱ्या टेबलवाल्याची डिस्क संपली, बदला ती!" कोणीतरी जाऊन बघायचं, तर खरंच चकती झिजलेली. चाचा आमचे फोरमन. गाव रत्नागिरीजवळ, पण तीस वर्षं इथंच काढलेली. मी त्याच कंपनीच्या दवाखान्यात नर्स. कामगारांचं वजन, बीपी, डोळे आणि कान तपासणं माझ्याकडे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते माझ्याच हातून झालं.

आमची ओळख भांडणातून झाली. मी काहीतरी जुनं रॉक गाणं गुणगुणत त्यांचा बीपी घेत होते. पट्टा सुटल्याबरोबर ते म्हणाले, "गाणं बरं आहे गो बाय, पण लांब. तीन मिनिटांत सांगून होत नसेल, तर त्या माणसाला सांगायचं काय ते ठाऊक नाही." मी पुण्यात थोरल्या भावाच्या कॅसेटी ऐकत वाढलेली. गिटारच्या लांब तुकड्यांवर कोणी बोललं की माझं डोकं फिरतं. पुढचे तीन पेशंट बाहेर खोळंबले आणि आम्ही आत वाद घालत बसलो.

चाचांचं दैवत कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली गाणी. तरुणपणी ते समुद्रात एका बार्जवर हेल्पर होते. तिथल्या अमेरिकन साहेबाच्या केबिनमधून दिवसभर ही गाणी ऐकू यायची. इंग्रजी वाचता येत नसे, पण शंभरेक गाणी शब्दन् शब्द तोंडपाठ. "तुझ्या रॉकवाल्यांना घर सोडून जायचं तेवढं कळतं," ते म्हणायचे. "परत यायचं कळत नाही." त्यावर मी म्हणायची, "चाचा, तुम्ही तरी कुठं परत गेलात?" ते मोठ्यानं हसायचे आणि विषय बदलायचे.

रविवारी दुपारी कामगारांच्या कॅम्पच्या मेसमध्ये आमची बैठक असे. जोएल नावाचा फिलिपिनो वेल्डर गिटार वाजवायचा, चाचा दोन बोटांनी टेबलावर ताल धरायचे, आणखी चारपाच जण यायचे. माझा नवरा मला सोडायला म्हणून यायचा आणि भिंतीला टेकून पेंगायचा. कुठलं गाणं पहिलं ऐकलं, कुठं ऐकलं, तेव्हा घरून कोणाचं पत्र आलं होतं, असं सगळं तिथं निघायचं. कोणाचं कोणाशी पटायचं नाही आणि पुढच्या रविवारी सगळे हजर. घरी माझी लेक म्हणायची, "आई, दॅट म्युझिक इज सो ओल्ड." मी तिच्याशी वाद घालत नसे. वाद घालायला माझ्याकडे चाचा होते.

वर्षातून एकदा चाचा कानांच्या तपासणीला येत. काचेची लहान खोली, कानाला हेडफोन, हातात बटण. मशीन आधी मोठ्यानं 'टूं' करायचं, मग ठरावीक अंतरानं बारीक बारीक होत जायचं. ऐकू आलं की बटण दाबायचं. चाचा डोळे मिटून बसायचे आणि शेवटच्या सूक्ष्म आवाजापर्यंत बटण दाबायचे. विशीतल्या पोराला लाजवील असा आलेख निघायचा. तो मी नव्या डॉक्टरांना कौतुकानं दाखवायची, "तीस वर्षं यार्डात काढलेला माणूस आहे, बघा कान!" मग 'फिट'वर सही करायची. सलग सात वर्षं केली.

एका रविवारी मी त्यांच्या लाडक्या गाण्याचं एका जुन्या कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग मिळवून आणलं. त्यात गायक दुसरं कडवं गातच नाही. वाद्यं थांबतात आणि तो लोकांशी गप्पा मारत बसतो. मला वाटलं, चाचा आता चिडणार, मजा येणार. वाद्यं थांबली. लोक हसत होते, गायक बोलत होता, आणि चाचांची बोटं टेबलावर तशीच चालू होती. ओठ हलत होते. स्पीकरमध्ये नसलेलं कडवं ते डोळे मिटून म्हणत होते. जोएल म्हणाला, "चाचा, स्टॉप, स्टॉप! नो साँग नाऊ." चाचांनी डोळे उघडले नाहीत. जोएल हसला. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तपासणीला बोलावलं. काचेपलीकडे त्यांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले. मी पहिला मोठा आवाज पाठवला. त्यांनी बटण दाबलं. मग मी मशीनवरून हात काढून घेतला. एकही आवाज गेला नाही. चाचा तालात, एकही मात्रा न चुकता, बटण दाबत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर ती सातही वर्षं जात होती. शेवटी हेडफोन काढून ते हसत म्हणाले, "झालं गो बाय?"

मी थांबलेल्या मशीनकडे बोट दाखवलं. ते समजले. खुर्चीत नीट बसले.

"चाचा, क्रेनचा हॉर्न ऐकू आला नसता तर?" मी ओरडलेच. एरवीही त्यांच्याशी जरा मोठ्यानं बोलायची सवय मला कधी लागली, कोण जाणे.

"पोरांची तोंडं बघतो ना. ते वर बघतात तेव्हा मी पण बघतो. डिस्क संपली की ठिणग्या सांगतात."

"आणि रविवारी?"

"जोएलची बोटं दिसतात. गाणं कुठलं ते कळतं. पुढचं पाठ आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लिहू नको गो. दोन वर्षं दे. गावात मी कोणाशी बोलू या गाण्यांवर? तिथं कोणाला ठाऊक पण नाहीत."

मी लिहिलं. यार्डात बहिरा फोरमन म्हणजे कोणाचा तरी जीव. ते तर मला लिहायलाच हवं होतं. पण आधीच्या सात आलेखांचं काय? पहिल्या वर्षी शंका घेतली असती, तर त्यांना ग्राइंडरपासून दूर स्टोअरमध्ये बसवता आलं असतं, कान थोडे तरी वाचले असते. इतके चांगले कान असूच शकत नाहीत, हे शिकलेल्या नर्सला कळायला हवं होतं. मी हे त्यांच्यापाशी बोलले, तर ते म्हणाले, "तुला पण बरं वाटायचं ना, सगळ्यांना दाखवायला." त्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

महिन्याभरात त्यांची नोकरी गेली आणि व्हिसा रद्द झाला. जायच्या आधीच्या रविवारी ते मेसमध्ये आले, सगळ्यांना मिठ्या मारल्या, चहा घेतला, पण गाणं लावू दिलं नाही. "खलास," म्हणाले. "आता बोलत बसू."

गावाला गेल्यावर त्यांनी कानात यंत्र घातलं. त्यानं माणसांचं बोलणं थोडंफार कळतं, पण गाणं लावलं की पत्रा घासल्यासारखं वाटतं म्हणून ते लावतच नाहीत. आम्ही व्हिडिओवर भेटतो. मी कागदावर लिहून दाखवते, ते बोलतात. परवा म्हणाले, "बाय, एका गाण्याचं मधलं कडवं आठवत नाही गो. दोन दिवस शोधतोय." गाणं मला माहीत होतं. मी ते इंग्रजी कडवं देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

चाचांनी चष्मा लावला. एकेक शब्द बोट ठेवल्यासारखा वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग चष्मा काढला.

"शब्द हेच," ते म्हणाले. "पण चाल गेली गो."

मी कागद खाली ठेवला आणि गायला लागले. लेक मागून म्हणाली, "आई, ही कान्ट हिअर यू." मला माहीत होतं. पडद्यावर चाचा माझ्या ओठांकडे बघत होते, अगदी नीट, एखाद्या परक्या भाषेत बोलणाऱ्या माणसाकडे बघावं तसे. कडवं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं?"